शाळेतली रेशियल इक्विटी: बोर्ड मीटिंगच्या माइकआधी काय काय करायचं (अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी)

दर सप्टेंबरला मला दोन-तीन फोन येतात आणि सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच असते. स्कूल बोर्डाच्या मीटिंगला गेलो, माइकवर तीन मिनिटं मिळाली, ब्लॅक मुलांवर कसा अन्याय होतो ते तळमळीने सांगितलं, मागून टाळ्या पडल्या, सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टच्या शाळांचे मुख्य अधिकारी) थँक्यू म्हणाले आणि पुढे शून्य. होणारच नव्हतं काही, कारण ही सगळी मंडळी शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

मी न्यू जर्सीत आमच्या डिस्ट्रिक्टच्या इक्विटी कमिटीवर (इक्विटी म्हणजे कुठल्याही रेसच्या मुलाला खरोखर सारखी संधी) सहा वर्षं होते आणि त्यातली पहिली दोन मी पण अशीच घालवली, त्यामुळे खालचं सगळं ठेच लागून शिकलेलं आहे. नियम न्यू जर्सीचे सांगतेय, दुसऱ्या राज्यात कायद्यांची नावं आणि मुदती बदलतील, पण क्रम बदलत नाही.

## सुरू करायच्या आधी

पहिलं म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि हे काम वेगळं ठेवा. सुट्टी जरूर मागा, मी पण सही केलीय, पण कॅलेंडरवर दिवाळी आली म्हणून सातवीतल्या ब्लॅक किंवा लॅटिनो मुलाला ऑनर्स मॅथ (वरच्या पातळीचा गणिताचा वर्ग) मिळत नाही. दोन्ही एका दमात मागितलं की बोर्ड सोपं असेल ते देतं आणि म्हणतं झालं की इक्विटीचं काम.

दुसरं, आपल्या पोटातली भीती आधीच बाहेर काढा. "म्हणजे आमच्या मुलांच्या जागा जाणार का?" हा प्रश्न आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणारच. व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन हायस्कूलचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, तिथे २०२० मध्ये प्रवेशपरीक्षा काढून प्रत्येक मिडल स्कूलला ठरावीक वाटा दिला आणि एशियन मुलांचं प्रमाण साधारण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. मोजक्या जागांच्या शाळेत हे होतं, ते लपवू नका. पण आपल्या साध्या पब्लिक स्कूलमध्ये ऑनर्सचा अजून एक वर्ग उघडता येतो, तिथे एकाला मिळालं म्हणजे दुसऱ्याचं गेलं असं नसतं. आणि मेरिटवरचे जे वाद आपण भारतात आरक्षणावरून जेवणाच्या ताटावर ऐकत मोठे झालो तेच इथे इंग्रजीत ऐकू येतात, फक्त आपण या वेळी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलोय ते एकदा बघून घ्या.

तपासा: तुम्ही नेमकं काय बदलायला मागताय ते एका वाक्यात सांगता येतंय का? "रेसिझम संपवा" हे वाक्य चालत नाही. "सहावीच्या अ‍ॅडव्हान्स्ड मॅथला टीचरच्या शिफारशीची अट काढा" हे चालतं. आत्ता जमत नसेल तर हरकत नाही, तिसऱ्या टप्प्यापर्यंत जमायला हवं.

## टप्पा १: कॅलेंडर समजून घ्या

हे कोणीच करत नाही. शाळांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, बजेटचा कच्चा आराखडा मार्चमध्ये जातो आणि जनसुनावणी एप्रिलच्या शेवटी ते मेच्या सुरुवातीला होते. म्हणजे ज्या गोष्टीला पैसे लागणार, उदाहरणार्थ जादा टीचर किंवा संध्याकाळची लेट बस, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मांडली नाही तर पूर्ण वर्ष गेलं. मेमध्ये जाऊन भाषण करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

दुसरी तारीख कॉम्प्रिहेन्सिव्ह इक्विटी प्लॅनची. न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टला दर तीन वर्षांनी हा प्लॅन करावा लागतो, त्यासाठी अ‍ॅफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन ऑफिसर नेमलेला असतो आणि एक टीम असते. बहुतेक पालकांना हा कागद अस्तित्वात आहे हेच माहीत नसतं. आमच्याकडे तो मागितला तेव्हा ऑफिसमधल्या बाईंना कपाट शोधावं लागलं, अक्षरशः. तो वाचा. त्यात डिस्ट्रिक्टने स्वतःच लिहून दिलेलं असतं की आम्ही अमुक करू, आणि न केलेलं वचन त्यांच्याच सहीसकट समोर ठेवण्याइतका सोपा युक्तिवाद दुसरा नाही.

## टप्पा २: आकडे गोळा करा, पण योग्य आकडे

राज्याचे स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट दर वर्षी ऑनलाइन येतात, त्यात गैरहजेरी, एपी (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे विषय) वगैरे गटवार मिळतं. फेडरल सरकारचं सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शन शाळा-शाळांचे सस्पेन्शनचे आकडे देतं, पण ते दोन-तीन वर्षं जुने असतात. अंदाज यावा म्हणून सांगते, २०१७-१८ मध्ये देशभरात ब्लॅक मुलं पटावर १५.१ टक्के होती आणि घरी पाठवण्याचं सस्पेन्शन मिळालेल्यांमध्ये ३८.२ टक्के. तुमच्या डिस्ट्रिक्टचं चित्र वेगळं असेल, म्हणून देशाचा आकडा घेऊन मीटिंगला जाऊ नका, लगेच उत्तर येतं "आमच्याकडे असं नाही".

जे ऑनलाइन नाही ते ओप्रा कायद्याखाली (ओपन पब्लिक रेकॉर्ड्स, आपल्या माहितीच्या अधिकारासारखा राज्याचा कायदा) लेखी मागा. डिस्ट्रिक्टने कामाच्या ७ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. या कायद्याने आधीच असलेला कागद मिळतो, नवी माहिती तयार करून मिळत नाही, म्हणून "रेसबद्दलची सगळी माहिती द्या" असं लिहिलं तर अर्ज परत येणार. "मागच्या तीन वर्षांत सहावीच्या अ‍ॅडव्हान्स्ड मॅथला घेतलेल्या मुलांची संख्या, गटवार, शाळावार, असा जो रिपोर्ट असेल तो" असं नेमकं लिहा.

आता गणित. समजा शाळेत १२०० मुलं, त्यात १८० ब्लॅक. वर्षभरात २७ ब्लॅक मुलांना सस्पेन्शन, म्हणजे १५ टक्के. बाकीच्या १०२० मध्ये ५१, म्हणजे ५ टक्के. १५ भागिले ५, तिप्पट. बस एवढंच, याला रिस्क रेशो म्हणतात, स्पेशल एज्युकेशनच्या फेडरल कायद्यात पण हीच पद्धत वापरतात. नुसतं "७८ पैकी २७ ब्लॅक" असं कधीच म्हणू नका, त्यावरून काहीच कळत नाही.

सावधान: गट लहान असेल, म्हणजे दहा-बारा मुलं, तर टक्केवारी काढू नका. एका मुलाने आकडा हलतो, आणि त्यातून मूल ओळखू येतं, तो खाजगीपणाचा भंग आहे. तीन वर्षांचे आकडे एकत्र करा.

आणि हो, "एशियन" हा कॉलम बघून खूश होऊ नका. त्यात इंजिनिअरची पोरं आणि नेल सलोनमध्ये बारा तास काम करणाऱ्या आईची पोरं एकत्र असतात.

## टप्पा ३: गळती नेमकी कुठे आहे ते शोधा

लेख वाचून एकच टप्पा करणार असाल तर हा करा. लोक शेवटचा आकडा बघतात, एपी कॅल्क्युलसमध्ये ब्लॅक मुलं किती, तीन, अरेरे. पण ती तीन का आहेत हे बारावीत कळत नाही, ते सहावीत ठरलेलं असतं.

म्हणून फनेल मांडा, म्हणजे नरसाळ्यासारखं, प्रत्येक पायरीवर किती मुलं उरली ते. उदाहरण म्हणून घेतेय: अ‍ॅडव्हान्स्ड मॅथला लागणारा टेस्ट स्कोअर किती ब्लॅक मुलांना मिळाला, ४०. त्यातल्या किती जणांची टीचरने शिफारस केली, २२. किती जणांनी प्रवेश घेतला, १५. वर्षअखेर टिकले किती, १४. आता बघा, टिकायला काही अडचण नाही. ४० वरून २२ वर येताना १८ मुलं गळली आणि ती स्कोअर असलेली मुलं होती. मग याच स्कोअरच्या गोऱ्या आणि एशियन मुलांचं काय झालं तेही तसंच मांडा. त्यांच्यात ४० पैकी ३५ जणांची शिफारस झाली असेल तर "त्या मुलांची तयारीच नसते" हा युक्तिवाद तिथेच कोसळला. हा युक्तिवाद येतोच, दर वेळी, आणि सगळ्यात जोरात कधीकधी आपल्याच माणसांकडून.

मग प्रत्येक गळतीच्या ठिकाणी विचारा, इथे निर्णय कोण घेतं आणि कशावर घेतं. मला सापडलेली नेहमीची ठिकाणं ही:

शिफारस. टीचर वाईट नसतात हो, पण "मॅच्युअर वाटतो", "घरी सपोर्ट आहे" असले रकाने फॉर्मवर असले की मनातला जो काही साचा असेल तो तिथे उतरतो.

पालकांचा अर्ज. आपल्याकडे काय होतं, टीचरने नाही म्हटलं तरी आपण वेव्हर फॉर्म भरून पोराला ऑनर्सला घालतोच, कारण मैत्रिणीने सांगितलेलं असतं की असा फॉर्म असतो. ही माहिती आपल्या ग्रुपवर फिरते, सगळ्यांच्या ग्रुपवर फिरत नाही. नियम सगळ्यांना सारखा, पण दार फक्त माहीत असणाऱ्यालाच दिसतं.

बस. जादा तास शाळा सुटल्यावर आणि लेट बस नाही. ज्याच्या आईची गाडी आणि सुट्टी दोन्ही आहे तोच थांबणार. हे मला दोन वर्षं सुचलं नव्हतं, आमच्या बस ड्रायव्हरने सांगितलं.

शिस्तीचे "उद्धटपणा", "आज्ञा न मानणे" असे रकाने. मारामारी झाली की नाही हे दिसतं, उद्धटपणा बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. सस्पेन्शनच्या नोंदी कारणांनुसार वेगळ्या केल्या की तफावत बहुतेक वेळा इथेच फुगलेली सापडते. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने तिसरीपर्यंतच्या मुलांना या कारणाखाली सस्पेंड करणं बंद केलं आणि नंतर ते वरच्या इयत्तांनाही लावलं. न्यू जर्सीत दुसरीपर्यंतच्या मुलाला हिंसक किंवा लैंगिक प्रकार सोडला तर घरी पाठवताच येत नाही, २०१६ पासून. तुमच्या शाळेत हे पाळलं जातं का तेही बघा.

तपासा: गळतीचं ठिकाण, निर्णय घेणारा माणूस आणि तो वापरत असलेला कागद, हे तिन्ही नावासकट सांगता आले तरच पुढे जा.

## टप्पा ४: माणसं जोडा

इथे आपली मंडळी सगळ्यात जास्त चुकतात. दहा देसी पालक एकत्र येतात, पॉवरपॉइंट झकास होतो, आणि ज्यांच्या मुलांबद्दल बोलतोय त्यातलं खोलीत कोणीच नाही. ब्लॅक पालक गावात आधीपासून हे काम करत असतात, चर्चमध्ये, एनएएसीपी या ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठीच्या संघटनेच्या शाखेत, पीटीओत (पालक-शिक्षक संघटनेत). तुम्ही नवीन काही शोधून काढलेलं नाही. आधी त्यांच्या मीटिंगला जा, मागे बसा, दोन-तीन वेळा काही न बोलता. मग तुमच्याकडचं फनेल दाखवा आणि विचारा हे बरोबर आहे का. मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, पोरी, हे आम्ही नव्वदच्या दशकात पण दाखवलं होतं, तुला आकडे छान मांडता येतात तर तू मांड, बोलू आम्ही. तसंच केलं आणि तेच बरोबर होतं.

मीटिंग संध्याकाळी साडेसहाला ठेवायची असेल तर मुलांना सांभाळायची सोय, जेवण आणि स्पॅनिश बोलणारं कोणी तरी, हे तिन्ही लागतं. नुसतं फ्लायर स्पॅनिशमध्ये छापून लॅटिनो पालक येत नाहीत.

शाळेच्या आतलं एक माणूस तरी हवं. काउन्सेलर सगळ्यात उत्तम, कारण शेड्युल तीच बनवते. टीचर्स युनियनला अंधारात ठेवू नका, त्यांना पेपरमधून कळलं तर तुम्ही टीचरविरोधी ठरलात आणि ते परत पुसता येत नाही.

## टप्पा ५: मागणी कायद्यात बसवा

१९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याचं टायटल ६ सांगतं की फेडरल पैसे घेणाऱ्या संस्थेला वंश, रंग, मूळ देश यावरून भेदभाव करता येत नाही. पण त्याच वेळी २००७ मध्ये सिएटलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एकेका मुलाची रेस बघून शाळा नेमून देता येत नाही, आणि २०२३ मध्ये कॉलेज प्रवेशातही रेस बघणं बंद झालं. म्हणजे "ब्लॅक मुलांसाठी १० जागा ठेवा" ही मागणी करू नका, डिस्ट्रिक्टचा वकील पाच मिनिटांत ती मारून टाकेल आणि पुढचं सगळंच संशयाच्या भोवऱ्यात सापडेल.

मागायचं काय, तर सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम जो गळतीचं ठिकाण बंद करतो. स्कोअर आला की मूल आपोआप अ‍ॅडव्हान्स्ड वर्गात, नको असेल तर पालकांनी फॉर्म भरून बाहेर पडायचं. म्हणजे फॉर्म भरायचं काम उलटं फिरवायचं, एवढंच. नॉर्थ कॅरोलिनाने गणितात २०१८ मध्ये असा कायदा केला, टेक्ससने २०२३ मध्ये सहावीच्या गणितासाठी केला, म्हणजे हे काही फक्त डाव्या विचाराच्या राज्यांचं खूळ नाही. हा मुद्दा बोर्डातल्या कॉन्झर्वेटिव्ह मेंबरना सांगायला फार उपयोगी पडतो, मी तीनदा वापरलाय.

गिफ्टेडसाठी (विशेष हुशार मुलांच्या वर्गांसाठी) सगळ्यांची चाचणी हा दुसरा नियम. फ्लोरिडाच्या ब्रॉवर्ड काउंटीत शिफारशीची वाट न बघता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घ्यायला लागले तेव्हा गिफ्टेडमध्ये ब्लॅक आणि हिस्पॅनिक मुलं बरीच वाढली. ही मुलं आधीही तिथेच होती, कोणी नाव सुचवलं नव्हतं. थॉमस जेफरसनचा नवा प्रवेशनियम पण असाच रेस न बघणारा होता, म्हणून २०२३ मध्ये अपील कोर्टात टिकला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो खटला ऐकायला नकार दिला.

सावधान: २०२५ पासून वॉशिंग्टनचं वारं फिरलंय. फेब्रुवारीत फेडरल शिक्षण खात्याने रेसशी निगडित कार्यक्रमांवरून शाळांना धमकीवजा पत्र पाठवलं, ऑगस्टमध्ये मेरीलँडच्या फेडरल कोर्टाने ते रद्द केलं, पण सुपरिंटेंडंट लोक घाबरलेले आहेत. शीर्षकात "इक्विटी" शब्द असलाच पाहिजे म्हणून अडून बसू नका. पॉलिसीचं नाव "मॅथ प्लेसमेंट" असू दे, आत काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

## टप्पा ६: बोर्डासमोर

माइकची पाळी आत्ता आली बघा. पण त्याआधी सुपरिंटेंडंटला एकट्याने भेटून आकडे दाखवा, लोकांसमोर धक्का द्यायचा नाही, धक्का बसलेला माणूस आधी स्वतःला वाचवतो. मग करिक्युलम किंवा पॉलिसी कमिटीचे दोन मेंबर. बोर्ड शाळा चालवत नाही, बोर्ड पॉलिसी आणि बजेट मंजूर करतं, त्यामुळे टीचरची तक्रार तिथे करू नका.

पॉलिसी दोनदा वाचली जाते, फर्स्ट रीडिंग आणि सेकंड रीडिंग. बदल करायची खरी संधी दोन्हींच्या मध्ये असते. आमच्या वेळी पहिल्या वाचनानंतर कोणीतरी "टीचरच्या संमतीने" हे दोन शब्द आत घुसवले, म्हणजे सगळं परत होतं तिथेच. दुसऱ्या वाचनाच्या आदल्या शुक्रवारी अजेंडा उघडून शब्द न शब्द वाचला म्हणून सापडलं, नाहीतर आम्ही त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या.

तीन मिनिटं अशी वापरा: एक पालक अनुभव सांगेल, एक जण फनेलचे चार आकडे, एक जण मागणीचं ते एक वाक्य. विद्यार्थी बोलणार असेल तर त्याच्या घरच्यांची आणि त्याची स्वतःची मर्जी दोनदा विचारा, व्हिडिओ कायमचा ऑनलाइन राहतो.

## ट्रेनिंगचं गाजर

या सुमारास डिस्ट्रिक्ट हमखास म्हणतं, आम्ही स्टाफला बायस ट्रेनिंग देतो. द्या म्हणा. पण नियम बदलण्याऐवजी ट्रेनिंग असा सौदा करू नका. टीचर ऑगस्टमध्ये दिवसभर बसतात, सँडविच खातात, आणि सप्टेंबरमध्ये तोच शिफारशीचा फॉर्म भरतात. हेच निवेदनांचं आणि पोस्टरचं.

## टप्पा ७: मंजूर झाल्यावर

इथे सगळे घरी जातात आणि काम इथेच मरतं. ब्रॉवर्डमध्ये पैशांची चणचण आली तेव्हा सरसकट चाचणी थांबवली आणि आकडे परत जवळपास जुन्या जागी आले. म्हणून पॉलिसीतच लिहून घ्या की दर वर्षी ऑक्टोबरच्या मीटिंगला फनेलचे आकडे जाहीर होतील आणि ते कोण मांडेल, पदाच्या नावासकट. माणसाचं नाव नको, सुपरिंटेंडंट दर तीन-चार वर्षांनी बदलतात.

पहिल्या वर्षी नव्याने आलेल्या मुलांना आधार लागतो. दोन वर्षं साध्या गणितात ठेवून एकदम वर ढकललं तर काही मुलं अडखळणारच, आणि विरोधक तेवढ्याचीच वाट बघत असतात. त्याच तासाला दुसरा टीचर, उन्हाळ्यात तीन आठवड्यांचा वर्ग, लेट बस, याचे पैसे पहिल्याच बजेटमध्ये हवेत. आठवतं ना, ऑक्टोबर.

## एका मुलाबाबत काही घडलं तर

तो रस्ता वेगळा आहे, वरच्या सगळ्यात मिसळू नका. शाळेत रेसवरून शिवीगाळ किंवा छळ झाला तर न्यू जर्सीत एचआयबी तक्रार (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग, म्हणजे छळ-दादागिरीची) त्याच दिवशी लेखी द्या, लेखी रिपोर्टपासून शाळेच्या १० दिवसांत चौकशी संपायला हवी. शाळेनेच भेदभाव केला असं वाटत असेल तर राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे १८० दिवसांत जाता येतं. फेडरल ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सचीही मुदत १८० दिवसांचीच आहे, पण मार्च २०२५ मध्ये त्यांच्या १२ पैकी ७ प्रादेशिक कचेऱ्या बंद करायचं ठरलं, त्यामुळे तिथून पटकन काही होईल यावर विसंबू नका. तारखा, वेळ, कोण हजर होतं, ईमेल, सगळं पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये. फोनवर बोलणं झालं तर लगेच "आत्ता आपलं असं बोलणं झालं" असा ईमेल टाका. आणि आपलं पोर शिवी देणाऱ्यांत असेल, तेही होतं, आमच्या ओळखीत झालंय, तर "तो गंमत करत होता" हे वाक्य प्रिन्सिपलसमोर उच्चारू नका.